अग्निपंथी ‘मंक’ आणि कान्हेरीचे पाणी

तृतीय वर्ष कला (इतिहास)

वार्षिकांकासाठी लेख द्यायचा म्हणजे विषय भारदस्त हवा, असा आपल्याकडे एक संकेत आहे. मी मात्र एका खेळाविषयी लिहिणार आहे, आणि तोही फाशांच्या. प्राध्यापक मंडळींनी लगेच पान उलटू नये. या खेळावरून आम्हा मित्रांत जे भांडण झाले, ते वर्षभरात वर्गात ऐकलेल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा माझ्या डोक्यात जास्त काळ राहिले आहे. (यात व्याख्यानांचा दोष नाही, माझी हजेरीच बेताची.)

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो अमेरिकेत काढला. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो : “तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आतून धूर येतो आहे. काय करता?” बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचे, आणि बेत जमला की फसला हे वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचे. थोडक्यात, संहिता नसलेले नाटक, ज्यात प्रेक्षक तेच नट. आम्ही पाचजण दर रविवारी दुपारी मुलुंडला एका मित्राच्या घरी जमतो. आमच्यातला बोरिवलीकर दादरला गाडी बदलून येतो, यावरूनच वेडाची कल्पना यावी. मित्राची आई मधूनच डोकावते आणि म्हणते, “राक्षस मारून झाले असतील तर पोहे घ्या.”

या खेळात प्रत्येक पात्राचा एक वर्ग ठरलेला असतो : योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर वगैरे. त्यांतलाच एक ‘मंक’. मूळ खेळात तो नव्हता. १९७५ साली ‘ब्लॅकमूर’ नावाची पुरवणी निघाली तिच्यातून तो आला. त्या सुमारास अमेरिकेत कुंग फूची लाट होती, त्याच नावाची दूरदर्शन मालिका १९७२ पासून तिथे चालू होती. त्यामुळे हा मंक म्हणजे पडद्यावरचा शाओलिनचा गडी : चिलखत नाही, शस्त्राची गरज नाही, मुठी चालवतो आणि हवेत उड्या मारतो. ध्यानधारणा, भिक्षा, विनय यांच्याशी त्याचा संबंध इतकाच की त्याला वेळ मिळाला तर तो डोळे मिटून बसतो.

पात्र तिसऱ्या पातळीवर पोचले की त्याने आपला पंथ निवडायचा. पुढे सहाव्या, अकराव्या आणि सतराव्या पातळीवर त्या पंथाच्या नव्या विद्या मिळत जातात. २०१४ च्या नियमपुस्तकात ‘चार महाभूतांचा मार्ग’ अशा अर्थाच्या नावाचा एक पंथ होता. त्यात ‘अग्निसर्पाचे दात’ नावाची विद्या होती. मंकने आपल्या आंतरिक शक्तीचा एक गुण खर्च केला की त्याच्या हातापायांतून ज्वाळांचे आकडे फुटत आणि त्याची मूठ दहा फूट अधिक लांब पोचे. अकराव्या पातळीवर त्याला आगीचा गोळा फेकता येई. आता गंमत अशी, की साधा जादूगार तोच गोळा पाचव्या पातळीवर फेकतो. म्हणजे सहा पातळ्या तपश्चर्या करून मंकने काय मिळवले, तर उशिरा आलेली जादूगिरी! २०२४ च्या नव्या पुस्तकात हा पंथ बराच सुधारला, पण सुधारला म्हणजे काय, तर आग अधिक स्वस्त झाली.

आमच्यातल्या एका मित्राला तेवढ्यानेही समाधान नव्हते. त्याने स्वतःच एक पंथ लिहून काढला. त्याचे नाव ‘अग्निपंथ’. तिसऱ्या पातळीवर जळती मूठ, सहाव्या पातळीवर तोंडातून ज्वाला, आणि सतराव्या पातळीवर राखेतून उठणारा पक्षी. चित्रेही काढली होती, आणि खरे सांगायचे तर सुरेख काढली होती. सगळ्यांनी वाहवा केली. मी मात्र म्हणालो, “हा भिक्षू नव्हे. हा टक्कल केलेला जादूगार आहे.” भांडणाला तिथून तोंड फुटले.

“मग तुझा आगीचा भिक्षू कसा असतो?” त्याने विचारले. मला पटकन उत्तर सुचले नाही. पण पुढच्या आठवड्यात आमची इतिहासाची सहल कान्हेरीला गेली.

आम्हा उपनगरवासीयांना कान्हेरीचे कौतुक नसते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरायचे, बसने वर जायचे, काकडी खायची, बुद्धाच्या मोठ्या मूर्तीपाशी फोटो काढायचे, आणि माकडांनी पिशवी पळवायच्या आत परतायचे, एवढीच आपली कान्हेरी. अंधेरीकरांना महाकालीची लेणी घराजवळ असून ती बौद्ध लेणी आहेत याचा पत्ता नसतो, तशातलीच ही गत. पण त्या दिवशी एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरली. शंभरावर लेणी त्या काळ्या डोंगरात आहेत आणि बहुतेक लेण्यांच्या दाराशी पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याण, सोपारा अशा ठिकाणच्या व्यापाऱ्यांनी लेण्यांबरोबर पोढ्याही दान केल्या. खडकावरून पावसाचे पाणी वाहून आणण्यासाठी बारीक पन्हळी खोदल्या आहेत, आणि त्यांतल्या काही अजून काम करतात. भिक्षूची खोली म्हणजे काय? एक दगडी ओटा झोपायला, आणि एक टाके पाण्याला. मी मनात म्हटले, आगीचा भिक्षू शोधायला आलो आणि सापडले पाणी.

पण पाण्याकाठी बसलेल्या याच भिक्षूंच्या पाठांत आग जागोजागी होती. बुद्धाचा तिसरा उपदेश म्हणून जो सांगितला जातो तो आगीवरच आहे. ऐकणारे कोण होते? उरुवेल काश्यप आणि त्याचे दोन भाऊ, आणि त्यांचे शिष्य मिळून हजार जटाधारी अग्निपूजक, जे नुकतेच आपली अग्निहोत्रे सोडून भिक्षू झाले होते. गयेच्या टेकडीवर बुद्धाने त्यांना सांगितले की सारे काही पेटलेले आहे : डोळा पेटलेला, कान पेटलेला, मन पेटलेले, आणि ते पेटले आहे राग, द्वेष आणि मोह यांनी. ज्यांनी जन्मभर आग सांभाळली त्यांना आगीचीच भाषा. पाली भाषेत ‘उपादान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक इंधन आणि दुसरा चिकटून राहणे. आणि ‘निब्बान’ म्हणजे विझणे. म्हणजे या परंपरेत भिक्षूचा आगीशी संबंध निश्चित आहे. पण तो पेटवणाऱ्याचा संबंध नाही.

हे मला एरवी नुसते पुस्तकी वाटले असते. परंतु मी घाटकोपरचा आहे. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या कचराभूमीला आग लागली तेव्हा मी शाळेत होतो. कित्येक दिवस धूर येत राहिला. आम्ही खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून बसलो होतो. आजोबांना दमा, ते रात्रभर पलंगावर उठून बसत आणि दर थोड्या वेळाने विचारीत, “विझली का रे?” बंबांनी पाणी मारले की वरची ज्वाला जाई, आणि पुन्हा दुसरीकडून धूर निघे. कारण आग वर नव्हतीच. वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्याच्या पोटात वायू होता, तो आतल्या आत धुमसत होता. जोवर इंधन आत आहे तोवर ज्वालेवर पाणी मारून काय होणार? ‘उपादान’ हा शब्द मी गेल्या वर्षी वाचला, पण त्याचा अर्थ मला दहाव्या वर्षी नाकातोंडाने कळला होता असे म्हणायला हरकत नाही.

तेव्हा मी ठरवले, आपणही एक पंथ लिहायचा.

पहिली विद्या मला विनयपिटकात मिळाली. दब्ब मल्लपुत्त नावाचा एक भिक्षू होता. राजगृहाला आलेल्या भिक्षूंची झोपण्याची सोय लावणे हे त्याचे काम. आजच्या भाषेत वसतिगृहाचा व्यवस्थापक म्हणा. कोणी रात्री उशिरा आला की दब्ब तेजोधातूच्या ध्यानात शिरे, त्याचे बोट दिव्यासारखे पेटे, आणि त्या उजेडात तो पाहुण्याला वाट दाखवीत नेई : हा मंच, ही उशी, ही शौचाची जागा, हे पिण्याचे पाणी. ही हकीकत पसरली तेव्हा काही भिक्षू मुद्दाम उशिरा येऊ लागले आणि लांबच्या डोंगरावरची जागा मागू लागले, केवळ ते बोट पाहायला! कथा सांगणाऱ्यालाही माणसाचा स्वभाव ठाऊक होता. पुढे मनासारखी जागा आणि जेवण मिळाले नाही म्हणून दोन भिक्षूंनी या बिचाऱ्या दब्बावर खोटा आळही घेतला. व्यवस्थापकाचे नशीब अडीच हजार वर्षांत बदललेले नाही. असो. मी तिसऱ्या पातळीवर लिहिले : ‘बोटाचा दिवा. अंधारात मागून चालणारा ठेचकाळत नाही. इजा : शून्य.’

दुसरी विद्याही तिथलीच. उरुवेल काश्यपाच्या अग्निशाळेत एक विषारी नाग राहत असे. बुद्धाने रात्रीपुरती तिथे जागा मागितली. काश्यपाने परोपरीने सांगून पाहिले, पण पाहुणा ऐकेना. रात्री नागाने धूर सोडला, तेव्हा बुद्धानेही धूर सोडला. नागाने ज्वाला सोडल्या, तेव्हा यानेही सोडल्या. अग्निशाळा पेटल्यासारखी दिसू लागली आणि बाहेर जटाधारी हळहळले की एवढा देखणा श्रमण, आज नागाने संपवला. सकाळी बुद्ध बाहेर आला तो नाग भिक्षापात्रात घेऊन. सांचीच्या पूर्वेकडील तोरणावर हा प्रसंग कोरलेला आहे. आमच्या खेळात ड्रॅगनशी गाठ पडते ती याहून वेगळी ती काय? फरक एवढाच की बुद्धाने आधीच मनाशी ठरवले होते, या नागाच्या कातडीला, मांसाला, हाडाला इजा न करता त्याचे तेज आपल्या तेजाने संपवायचे. सहाव्या पातळीवर मी हेच लिहिले. समोरच्याने आग वापरली तर भिक्षूला ती आगीने विझवता येईल. पण या विद्येने कुणाचाही प्राण जाऊ शकणार नाही.

अकराव्या पातळीला ‘इंधन काढणे’ : समोरचा रागाच्या बळावर लढत असेल, तर त्याचा राग उतरतो आणि त्याबरोबर बळही.

सतराव्या पातळीपाशी मी फार वेळ थांबलो. दब्बाच्या अंताची कथा ‘उदान’ या पाली ग्रंथात आहे. बुद्धाचा निरोप घेऊन तो आकाशात उठला, तेजोधातूत शिरला आणि जळून गेला. मागे राख नाही, काजळी नाही. मित्राच्या पंथात शेवटी राखेतून पक्षी उठतो, आणि इथे राखच उरत नाही. मी नियम लिहिला : ‘ही विद्या वापरली की पात्र संपले. खेळणाऱ्याने आपला कागद फाडून टाकावा.’ दोन वर्षे जपलेले पात्र असे संपवायला कोण धजेल, मला ठाऊक नाही. मी स्वतः धजेन की नाही, हेही ठाऊक नाही.

मुलुंडला वाचून दाखवले तेव्हा अग्निपंथवाला म्हणाला, “म्हणजे आपल्या मातीत आगीवर हुकमत असलेला माणूसच नाही म्हण!” त्याचे आजोळ गोव्यात डिचोलीकडचे. त्याने शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेचा दाखला दिला. वैशाख शुद्ध पंचमीला तिथे धोंड निखाऱ्यांवरून चालत जातात, ते त्याने लहानपणी पाहिले आहे. दाखला बिनतोड होता. पण त्यालाच मी विचारले, धोंड आधी काय करतात? काही दिवस व्रत, सोवळ्याचे जेवण, घरापासून वेगळे राहणे. मग हातात वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याची माळ, आणि एका रात्री आगीतून पार होऊन माणूस आपल्या घरी जातो, पुन्हा शेतीला नाहीतर नोकरीला लागतो. आग कुणावर फेकायची हा विचार त्यात कुठे आहे? तो म्हणाला, “पण दिसते कसले भव्य!” हे मात्र मी मान्य केले. आगीचे दिसणे हेच तिचे अर्धे बळ आहे, आणि सगळी नियमपुस्तके त्यालाच भुललेली आहेत.

कुणीतरी व्हिएतनामच्या थिच क्वांग डुक यांचे नाव काढले. ११ जून १९६३ रोजी सायगावच्या चौकात, बौद्धांवरील अन्यायाच्या निषेधार्थ त्यांनी अग्निप्रवेश केला. ते छायाचित्र आम्ही सगळ्यांनी पाहिलेले होते. थोडा वेळ कुणी बोलले नाही. ते फाशांच्या खेळात आणायचे नाही, एवढे मात्र न बोलताच ठरले.

दिवाळीनंतरच्या रविवारी माझा भिक्षू प्रथम खेळात उतरला. सूत्रधाराने मुद्दामच आगीचा ड्रॅगन ठेवला होता. गुहेत धूर कोंडला होता आणि गावातली एकोणीस माणसे आत अडकली होती. बाकीचे तिघे तलवारी परजून ड्रॅगनकडे धावले. मी बोट पेटवले आणि माणसे बाहेर काढू लागलो. चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला सूत्रधार धुराचे, खोकल्याचे वर्णन करी आणि मला मुलुंडच्या त्या खोलीत देवनारचा वास येई. शेवटी ड्रॅगनसमोर उभा राहून ‘तेजाने तेज’ म्हणून फासा टाकला. चार पडले! माझा भिक्षू होरपळून आडवा झाला आणि ड्रॅगनला योद्ध्यानेच मारला. खेळ संपल्यावर अग्निपंथवाल्याने हिशेब मांडला : “दिवसभरात तू केलेली इजा, शून्य.” मी म्हटले, “आणि बाहेर आलेली माणसे?” तो म्हणाला, “त्याचे गुण या खेळात मिळत नाहीत.” त्याचे बरोबर होते. मिळायला हवेत, एवढेच माझे म्हणणे होते आणि आहे.

इथवर मी मोठ्या ऐटीत होतो. आता ज्या गोष्टीने माझी ऐट उतरली ती सांगतो.

आमचा बोरिवलीकर मित्र बौद्ध आहे. त्याचे पणजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घ्यायला गेलेल्या लाखोंपैकी एक. तो इतके दिवस या वादात काही बोलला नव्हता. त्या रात्री मुलुंड स्टेशनच्या पुलावर तो म्हणाला, “तुझा पंथ चांगला आहे. त्याच्या टकल्या जादूगारापेक्षा लाख पटीने बरा. पण एक सांगू? आमच्या घरात बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आहे. त्यातला बुद्ध माणूस आहे. चमत्कार करत नाही, विचार करायला सांगतो. तू जुन्या ग्रंथांत गेलास आणि नेमके काय उचलून आणलेस? पेटणारे बोट आणि ज्वाला सोडणारा बुद्ध. तो सिनेमातून चमत्कार आणतो, तू ग्रंथातून आणतोस.”

मी म्हणालो की विनयातच चमत्कार दाखवायला मनाई आहे. पिंडोल भारद्वाजाने चंदनाच्या पात्रासाठी लोकांदेखत आकाशात झेप घेतली तेव्हा बुद्धाने त्याची चांगली कानउघाडणी केली आणि गृहस्थांपुढे असे प्रदर्शन करू नये असा नियमच घातला. दब्बाच्या कथेत मला बोटापेक्षा त्याची धडपड दिसते : रात्री आलेल्याला पाण्याचे ठिकाण दाखवणारा माणूस.

“मग दिवा घेऊन दाखव की,” तो म्हणाला. “बोट कशाला पेटवतोस?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खेळाला थोडी जादू लागते, हे उत्तर आहे, पण ते पुरेसे आहे असे मला वाटत नाही. तो पुढे आणखी एक बोलला. “माझी आजी भन्तेंना पाहिले की हात जोडते. तू कागदावर ‘भिक्षू, पातळी तीन’ असे लिहितोस तेव्हा मला कसेसेच होते. ‘मंक’ लिहिले असते तर काही वाटले नसते. तो शब्द आमचा नाही.”

मी इतके दिवस उलटे समजत होतो. परका ‘मंक’ काढून आपला भिक्षू आणला म्हणजे आपण मान राखला, असे मला वाटत होते. पण ‘आपला’ म्हणजे कुणाचा? मी कान्हेरीला वर्षातून एकदा जाणारा, परीक्षेसाठी पाली शब्द पाठ करणारा. त्याच्या घरी तो शब्द रोजचा आहे. तरीही मला असे वाटत राहते की कान्हेरीसारखी जागा फक्त श्रद्धेच्या किंवा फक्त अभ्यासाच्या ताब्यात राहिली, तर आमच्यासारखी पोरे तिथे काकडी खाऊनच परततील. त्या डोंगरातल्या नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ सालचे. अग्नीची पूजा करणारे पारशी तिथे आले, बौद्धांचे लेणे पाहिले आणि भिंतीवर आपली नावे कोरून गेले. त्यांना कुणी अडवले नसावे. पण त्यांनी नावे कोरली ती स्वतःची. भिक्षूंचे नाव घेऊन ते काही खेळले नाहीत, हेही खरे.

या प्रश्नाचा निकाल लावण्याची माझी पात्रता नाही. माझे मत मी इतकेच बदलले : पंथ ठेवायचा, इजा शून्यच ठेवायची, आणि नाव काढायचे. त्या रात्री घाटकोपरला उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर बसून मी पात्राच्या कागदावरचा ‘भिक्षू’ हा शब्द खोडला. ‘मंक’ लिहिणार होतो, तेही लिहववेना. पुढच्या रविवारी मुलुंडला बोरिवलीकराने कागद हातात घेतला, वर्गाची चौकट रिकामी पाहिली, आणि स्वतःच्या पेनने तिच्यात लिहिले : ‘व्यवस्थापक’. अग्निपंथवाला पोट धरून हसला. सूत्रधाराने ते मान्य केले आहे.